वाचक विचारतात : दलदलीकाठचे ब्लाइबरा चर्च

गेल्या अंकाच्या मलपृष्ठावर इंग्लंडच्या सफोक परगण्यातील ब्लाइबरा या गावच्या होली ट्रिनिटी चर्चचे छायाचित्र प्रसिद्ध झाले होते. ब्लाइथ नदीच्या खाडीकाठच्या पाणथळीशेजारी, थोड्या उंचवट्यावर उभे असलेले हे पंधराव्या शतकातील चर्च अनेक वाचकांनी प्रत्यक्ष पाहिलेले दिसते. कारण आलेल्या पत्रांत ऐकीव माहितीपेक्षा डोळ्यांनी टिपलेले तपशील अधिक आहेत. त्यांपैकी निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : मुलीकडे इप्सविचला राहायला गेले असता आम्ही हे चर्च पाहिले. गावात मोजकी घरे, एक खानावळ आणि बाजूने धावणारा हमरस्ता, एवढेच काय ते आहे. एवढ्याशा वस्तीला इतके मोठे चर्च कशासाठी लागले असेल? आणि त्याचा खर्च कोणी केला? (एक वाचक भगिनी, पुणे)

उत्तर : हे चर्च बांधले गेले तेव्हा गाव लहान नव्हते. नॉर्मन राजवटीने १०८६ मध्ये करवून घेतलेल्या डूम्सडे नोंदणीत ब्लाइबरा हा खुद्द राजाच्या मालकीचा मौजा आहे आणि तेथील चर्चही सधन आहे. त्याच्याही आधी, सातव्या शतकात, ईस्ट अँग्लियाचा राजा ॲना (हे पुरुषाचे नाव आहे, हे सांगितलेले बरे) मर्सियाच्या पेंडा राजाशी लढताना जवळच मारला गेला आणि त्याचा देह ब्लाइबराला पुरण्यात आला, अशी परंपरा ईली येथील मठाच्या बाराव्या शतकातील इतिहासात नोंदलेली आढळते. पुढे पहिल्या हेन्री राजाने येथील चर्च एसेक्समधील सेंट ओसिथ मठाच्या ऑगस्टिनियन संन्याशांना दान दिले, आणि त्यांनी गावात आपली एक लहान शाखा उभारली. नदीचे पात्र त्या काळी जहाजे आत आणण्याइतके खोल असल्यामुळे गावाला धक्का होता, बाजार होता, मासळीचा आणि किनाऱ्यावरील मालाचा व्यापार होता. सफोकच्या आतल्या भागातील लॅव्हनम किंवा लाँग मेलफर्ड येथील भव्य चर्चे लोकरी कापडाच्या पैशावर उभी राहिली. ब्लाइबराच्या मागे मात्र मुख्यतः समुद्र होता.

खर्चाचा प्रश्न समजून घेण्यासाठी मध्ययुगीन इंग्लंडमधील एक नियम लक्षात ठेवावा लागतो. पॅरिश चर्चचे, म्हणजे गावच्या चर्चचे, दोन भाग असत. पूर्वेकडील, वेदीचा आणि पाद्र्यांच्या वावराचा भाग म्हणजे चॅन्सेल, आणि पश्चिमेकडील, सामान्य भाविकांचा मोठा भाग म्हणजे नेव्ह. चॅन्सेलची देखभाल ज्याच्याकडे चर्चचा दशमांश (गावकऱ्यांनी चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा) जमा होई त्याने करायची आणि नेव्हची गावकऱ्यांनी, असा रिवाज रूढ होता. ब्लाइबराचा दशमांश मठाकडे जात असल्यामुळे चॅन्सेल नव्याने बांधण्याची जबाबदारी मठाची होती, आणि १४१२ च्या सुमारास ते काम सुरू झाले असे मानले जाते. उरलेल्या चर्चचा भार गावाने उचलला. पंधराव्या शतकाच्या मध्यापासून येथील रहिवाशांच्या मृत्युपत्रांत चर्चच्या बांधकामासाठी ठेवलेल्या रकमांचे उल्लेख येत राहतात. गावचा जमीनदार जॉन हॉप्टन १४७८ मध्ये वारला; त्याची काळसर संगमरवराची समाधी चॅन्सेल आणि त्याच्या घराण्याचे खासगी प्रार्थनास्थान यांच्यामध्ये आजही आहे. मृत्युपत्रात चर्चसाठी पैसे ठेवण्यामागे निव्वळ उदारपणा नव्हता. मृत्यूनंतर आत्म्याला शुद्धीच्या यातना भोगाव्या लागतात आणि जिवंत माणसांच्या प्रार्थनांनी त्या कमी होतात, ही त्या काळच्या लोकांची दृढ श्रद्धा होती; त्यामुळे ज्या छपराखाली आपल्यासाठी प्रार्थना व्हायची त्या छपराला हातभार लावणे ही ज्याच्या त्याच्या निकडीची बाब होती.

बांधकामाचा व्यवहार कसा चाले याचा एक उत्तम पुरावा शेजारच्या वॉल्बर्सविक गावचा आहे. तेथील मनोऱ्यासाठी १४२६ मध्ये झालेला करार टिकून राहिला आहे, आणि त्यातील दोन पाथरवटांपैकी ॲडम पाउल हा ब्लाइबराचाच रहिवासी होता, तर रिचर्ड रसेल डनिचचा. मनोरा टन्स्टॉलच्या मनोऱ्यासारखा आणि पश्चिमेचा दरवाजा हेल्सवर्थच्या दरवाजासारखा असावा, असे करारात लिहिले आहे. नकाशा काढून देण्याऐवजी ‘अमक्या गावी आहे तसे’ एवढे म्हणणे दोन्ही पक्षांना पुरेसे होते. मजुरी उंचीच्या प्रत्येक यार्डामागे चाळीस शिलिंग, शिवाय दरवर्षी हेरिंग माशांचे एक पिंप आणि एकदा एक अंगरखा असे ठरले होते. करारातील ते हेरिंगचे पिंप वाचले की या किनाऱ्यावरचा पैसा कोठून येत होता, हे वेगळे सांगण्याची गरज उरत नाही.

पुढे नदी गाळाने भरत गेली, जहाजे मोठी होत गेली आणि व्यापार नदीच्या मुखाकडे सरकला. १५३७ मध्ये आठव्या हेन्रीच्या राजवटीत मठाची गावातील शाखाही बरखास्त झाली. गाव आटले, चर्च तेवढेच राहिले. शेजारच्या गावांनी हा प्रश्न वेगळ्या पद्धतीने सोडवला. कोव्हहाइथच्या लोकांनी १६७२ मध्ये आपल्या अवाढव्य चर्चचे छप्पर उतरवून त्याच्या भिंतींच्या आत गवताने शाकारलेले छोटेसे चर्च बांधले, तर वॉल्बर्सविकच्या लोकांनी १६९५ मध्ये परवानगी मिळवून बहुतेक इमारत पाडली आणि एका कडेचा भाग वापरात ठेवला. ब्लाइबराने यांपैकी काहीच केले नाही. दुरुस्ती करण्याची ऐपत नव्हती आणि पाडापाडीचा उद्योगही कोणी अंगावर घेतला नाही. आपण आज जे पाहतो त्याचे श्रेय बऱ्याच अंशी या ओढगस्तीला द्यावे लागते.

प्रश्न : मी वास्तुकलेची विद्यार्थिनी आहे. छायाचित्रात चर्चचे छप्पर जवळजवळ सपाट आणि भिंती खिडक्यांनी भरलेल्या दिसतात. गॉथिक म्हटले की उंच, टोकदार छप्पर डोळ्यांपुढे येते. मग ही शैली कोणती? (कोल्हापूर)

उत्तर : ही इंग्रजी गॉथिकची शेवटची अवस्था आहे. थॉमस रिकमन या वास्तुतज्ज्ञाने १८१७ मध्ये इंग्रजी मध्ययुगीन वास्तूंची जी कालवार विभागणी केली तीत ‘अर्ली इंग्लिश’, ‘डेकोरेटेड’ आणि ‘पर्पेंडिक्युलर’ असे तीन गॉथिक टप्पे आहेत, आणि ही नावे आजही वापरात आहेत. ब्लाइबरा तिसऱ्या टप्प्यातील आहे. या शैलीत खिडकीतील दगडी पट्ट्या खालपासून कमानीपर्यंत सरळ उभ्या चढत जातात. डेकोरेटेड शैलीतील वळणावळणाची नक्षी येथे मागे पडते आणि भिंतीचा शक्य तितका भाग काचेला दिला जातो.

आत शिरल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो प्रकाश. नेव्हच्या दोन्ही बाजूंना कमानींच्या रांगा आहेत, त्यांच्या पलीकडे कडेचे अरुंद भाग, म्हणजे आइल, आणि कमानींच्या वर खिडक्यांची आणखी एक सलग रांग, जिला क्लिअरस्टोरी म्हणतात. या वरच्या रांगेत प्रत्येक बाजूला १८ खिडक्या आहेत. त्यांतून येणारे ऊन मधल्या मोकळ्या जागेत थेट उतरते आणि, विशेष म्हणजे, छताला खालून उजळते. नेव्ह आणि चॅन्सेल यांच्यामध्ये कमान नाही. एकच छप्पर पश्चिमेपासून पूर्वेपर्यंत अखंड जाते. मूळ काळात मात्र ही अखंडता पाहणाऱ्याच्या वाट्याला येत नसे, कारण दोहोंमध्ये लाकडी जाळीचा उंच पडदा होता आणि त्यावरील सज्जावर क्रुसावरील ख्रिस्ताची मूर्ती होती. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेत त्या मूर्ती आणि सज्जे देशभर काढले गेले. येथे पडद्याचा खालचा भाग काय तो राहिला. ज्या मोकळेपणाची आपण आज प्रशंसा करतो, त्याचा काही भाग बांधणाऱ्यांच्या योजनेत नव्हताच, हे वास्तुकलेच्या विद्यार्थ्याने विसरू नये.

छप्पर सपाट का, याचे उत्तर शिशात आहे. गवत किंवा कौले असतील तर पाणी लवकर निथळावे म्हणून तीव्र उतार द्यावा लागतो. शिशाच्या पत्र्याला तो लागत नाही, उलट उतार तीव्र असला तर जड शिसे उन्हाळ्याच्या तापमानात हळूहळू खाली सरकते. शिसे परवडू लागले तशी छपरे बसकी झाली, आणि छपराचा त्रिकोण गेल्यामुळे त्याखालची भिंत उंच करून तीत क्लिअरस्टोरीच्या खिडक्या काढता आल्या. एका सामग्रीतील बदलाने सगळी इमारत कशी बदलते याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित मिळते.

भिंतीसाठी या भागात घडाईचा दगड मिळत नाही. तो लांबून बोटीने आणावा लागे आणि म्हणून कोपरे, खिडक्या व खांब यांपुरताच वापरला जाई. बाकीच्या भिंती चकमकीच्या गोट्यांच्या आहेत. हा गोटा फोडला की आतून काळा, काचेसारखा चकाकणारा पृष्ठभाग निघतो. असे फोडलेले तुकडे घडीव पांढऱ्या दगडात कोरलेल्या खोबणींत सपाटीला बसवून काळ्या-पांढऱ्या आकृत्या तयार करण्याची कला ईस्ट अँग्लियात फार पुढे गेली होती. ब्लाइबराला पूर्वेच्या मोठ्या खिडकीखाली, बाहेरच्या बाजूला, अशा पद्धतीने बसवलेली मुकुटधारी अक्षरांची ओळ आहे. प्रत्येक अक्षर लॅटिनमधील एकेका शब्दाचे आद्याक्षर असावे आणि पूर्ण वाक्य चर्च कोणाच्या सन्मानार्थ पुन्हा बांधले ते सांगत असावे, असा तर्क आहे, मात्र त्याच्या वाचनाबद्दल अभ्यासकांचे एकमत नाही. पश्चिमेचा मनोरा तुम्हाला बाकीच्या इमारतीपेक्षा साधा आणि किंचित अंग चोरून उभा असलेला वाटेल. तुमचा डोळा चुकत नाही. तो आधीच्या, चौदाव्या शतकातील चर्चचा असून नव्या बांधकामाच्या वेळी तसाच ठेवण्यात आला.

प्रश्न : या चर्चच्या छतावरील देवदूतांवर क्रॉमवेलच्या सैनिकांनी गोळ्या झाडल्या, असे आम्हाला तेथील एका सहप्रवाशाने सांगितले. खांबांना घोडे बांधण्याच्या कड्याही दाखवल्या. हे कितपत खरे? (ठाणे)

उत्तर : छतातील देवदूत हे ब्लाइबराचे खरे वैभव असल्यामुळे आधी त्यांच्याविषयी थोडे. छपराच्या आडव्या तुळयांच्या मध्यभागी हे लाकडी देवदूत पाठीला पाठ लावून जोडीने बसवलेले आहेत. एक पूर्वेकडे, दुसरा पश्चिमेकडे पाहतो. पंख रुंद पसरलेले, हातांत ढाली. तुळया आणि वासे पांढऱ्या रंगाने रंगवून त्यांवर लाल-हिरवी फुले आणि येशूच्या नावाची अक्षरे साच्याने उमटवली आहेत, आणि तो रंग कोणी कधी नव्याने दिलेला नाही. फिकट झाला आहे, ठिकठिकाणी उडाला आहे, परंतु तो पंधराव्या शतकातला आहे. काही देवदूत नाहीसे झाले आहेत, काहींचे पंख अर्धवट आहेत, आणि त्यांच्या अंगात खरोखरच शिशाचे छर्रे सापडले आहेत. कथेचा उगम येथे आहे.

आता कागदपत्रे काय सांगतात ते पाहू. राजा आणि पार्लमेंट यांच्यातील ज्या यादवी युद्धात क्रॉमवेल पार्लमेंटच्या बाजूचा सेनानी होता, त्या काळात पार्लमेंटने २८ ऑगस्ट १६४३ रोजी चर्चमधील मूर्ती, क्रूस आणि ‘अंधश्रद्धेची’ चित्रे काढून टाकण्याचा वटहुकूम काढला. त्याच्या अंमलबजावणीसाठी पार्लमेंटच्या पूर्वेकडील फौजांचा सेनापती अर्ल ऑफ मँचेस्टर याने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विल्यम डाउझिंग याची नेमणूक केली. डाउझिंग हा सफोकमधल्याच लॅक्सफील्डचा शेतकरी. त्याने केंब्रिजशायर आणि सफोकमधील अडीचशेहून अधिक ठिकाणे पालथी घातली आणि, आपल्या सुदैवाने, रोजनिशी ठेवली. ९ एप्रिल १६४४ ची ब्लाइबराची नोंद स्पष्ट आहे : वीस चित्रे, त्यांतील एक चर्चच्या बाहेर, दोन क्रूस, एक प्रवेशमंडपावर आणि एक मनोऱ्यावर, नेव्ह व चॅन्सेलमधील वीस देवदूत उतरवण्याचा आदेश, मृतांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करा असे सांगणारे तीन लेख त्याने स्वतः फोडले, आणि दोनशेहून अधिक चित्रे आठ दिवसांत काढण्याची ताकीद दिली.

या नोंदीत बंदुकीचा उल्लेख नाही. डाउझिंगचा मार्ग आदेशाचा होता. जे हाताशी होते ते तो लगेच फोडी, उरलेले काम गावच्या चर्चवॉर्डनवर, म्हणजे चर्चची व्यवस्था पाहणाऱ्या गावकऱ्यांवर, सोपवून पुढच्या गावी जाई. खिडक्यांतील रंगीत काच गेली. आइलच्या खिडक्यांच्या वरच्या कोपऱ्यांत तिचे तुकडे उरले आहेत. जमिनीत बसवलेल्या पितळी पट्ट्या गेल्या. त्यांचे खड्डे दगडांत दिसतात. देवदूतांचे काय झाले? ते बरेच उंचावर आहेत. परांची बांधा, सुतार लावा, त्याचे पैसे गावानेच द्या, आणि हे सारे आठ दिवसांत! गावकऱ्यांनी ते केले नाही, हे छताकडे पाहून समजते. आणखी एक बारकावा असा की १६४३ च्या वटहुकुमात त्रैक्य, कुमारी मेरी आणि संत यांच्या प्रतिमांचा उल्लेख होता. देवदूतांचा स्पष्ट उल्लेख आला तो ९ मे १६४४ च्या दुसऱ्या वटहुकुमात, म्हणजे डाउझिंग येऊन गेल्यानंतर. त्याने कायद्याच्या शब्दापलीकडे जाऊन हुकूम सोडला होता असे म्हणता येते.

मग छर्रे कोठून आले? गेल्या शतकात छताची दुरुस्ती करताना ते तपासले गेले तेव्हा ते सैनिकी मस्केटच्या गोळ्यांचे नसून पक्षी मारण्याच्या बंदुकीचे असल्याचे दिसले, आणि चर्चच्या १७६१ च्या हिशेबात जॅकडॉ नावाचे कावळ्याच्या जातीचे पक्षी मारण्यासाठी झालेला खर्च मांडलेला आहे. गळक्या छपरातून आणि फुटक्या तावदानांतून आत शिरून हे पक्षी तुळयांवर घरटी करीत आणि खाली सगळी घाण करीत. त्यांना मारायला चर्चनेच पैसे देऊन बोलावलेल्या माणसांचे नेम चुकले आणि देवदूत जखमी झाले. पंख तुटण्यास लाकूड किडणे आणि शतकानुशतके पाणी झिरपणे हीही कारणे आहेतच. कड्यांबद्दल सांगायचे तर सैनिकांनी चर्चमध्ये घोडे बांधल्याच्या कथा इंग्लंडच्या अनेक गावांत आहेत, आणि यादवी युद्धात तसे काही ठिकाणी घडलेही. पण खांबातील कडी कोणी आणि कधी ठोकली हे कडीवर लिहिलेले नसते. क्रॉमवेलला मात्र या प्रकरणातून मुक्त करायला हरकत नाही. त्या देशात चर्चमधील कोणतीही मोडतोड त्याच्या नावावर जमा करण्याची सवयच आहे, आणि त्यामुळे खरे मोडणारे, म्हणजे शंभर वर्षे आधीचे राजाचे अधिकारी आणि कित्येकदा गावचेच चर्चवॉर्डन, सहीसलामत सुटतात.

प्रश्न : उत्तरेच्या दारावरील काळे ओरखडे सैतानी कुत्र्याच्या पंजांचे आहेत, असे सांगतात. त्यामागे एखादी खरी घटना आहे काय? (बेळगाव)

उत्तर : आहे. रविवार, ४ ऑगस्ट १५७७ रोजी सकाळी प्रार्थना चालू असताना चर्चवर वीज पडली. त्या काळच्या इंग्रज बखरकारांनी लिहिले आहे की विजेने भिंत भेदली, वीसहून अधिक माणसे खाली पाडली, आणि चाळिशी उलटलेला एक पुरुष व पंधरा वर्षांचा एक मुलगा जागीच ठार झाले. मनोऱ्यावरचे निमुळते शिखरही या वादळात कोसळले, असे मानले जाते. ते पुन्हा कधी बांधले गेले नाही, आणि मनोरा आज बोडका दिसतो तो त्यामुळे. वादळ त्याच दिवशी बंगी या गावाच्या चर्चवरही कोसळले. बखरींत कुत्रा नाही. तो येतो अब्राहम फ्लेमिंग याने घटनेनंतर लगेच लंडनमध्ये छापलेल्या पत्रकात, ज्यात बंगीच्या चर्चमधून धावत जाऊन माणसे मारणारा काळा कुत्रा ब्लाइबरालाही अवतरतो. लोकांनी पापाला भ्यावे हा त्या पत्रकाचा हेतू होता, आणि विजेपेक्षा कुत्रा लक्षात राहतो.

दारावरील खुणा १९३३ मध्ये दार साफ करताना उजेडात आल्या, आणि त्यानंतर त्यांचे नाते कुत्र्याशी जुळले. अशा थेंबाच्या आकाराच्या जळखुणा इंग्लंडमधील जुन्या घरांच्या तुळयांवर व दारांवर मोठ्या संख्येने आढळतात. मेणवातीची ज्योत लाकडाला मुद्दाम टेकवून, आग आणि अनिष्ट यांपासून रक्षणासाठी त्या केल्या जात असाव्यात, असे अलीकडचे अभ्यासक मानतात. ब्लाइबराच्या दाराला हेच लागू पडत असेल, तर ज्या खुणा सैतानाच्या म्हणून दाखवल्या जातात, त्या त्याला दूर ठेवण्यासाठी केलेल्या ठरतात.

प्रश्न : बाकांच्या टोकांवर कोरलेल्या माणसांच्या आकृती काय दर्शवतात? (सांगली)

उत्तर : पापे, सत्कृत्ये आणि वर्षभरातील कामे. आळस अंथरुणात बसला आहे, खादाडपणाने आपले पोट कवटाळले आहे, लोभ पैशांच्या पेटीवर ठाण मांडून आहे, चहाडखोराची जीभ बाहेर आली आहे आणि मद्यपी खोड्यात अडकला आहे. हे सारे हातभर उंचीच्या आतले ओबडधोबड कोरीवकाम आहे. छतातील देवदूतांचे कौशल्य येथे नाही. पण बाकावर बसणाऱ्याच्या कोपराशी आळस येईल की लोभ, ही योजना करणाऱ्याला विनोदबुद्धी होती खास. डाउझिंगने यांना हात लावला नाही, कारण पाप हा संत नव्हे. चॅन्सेलमधील आसनांच्या पुढच्या फळ्याही पाहाव्यात. त्यांवर प्रेषितांच्या छोट्या मूर्ती आहेत, आणि नंतरच्या काळात तेथे शाळा भरत असल्यामुळे वरच्या फळीत दौतींसाठी भोके पाडलेली आहेत व एका परदेशी विद्यार्थ्याने १६६५ साल घालून आपले नाव कोरलेले आहे.

प्रश्न : मुंबईत कुलाब्याचे अफगाण चर्च पाहिले की ते असेच इंग्लंडमधून उचलून आणल्यासारखे वाटते. दोन्हींची शैली एकच आहे का? (मुंबई)

उत्तर : कुळ एक, पिढी वेगळी. कुलाब्याचे सेंट जॉन चर्च पहिल्या अफगाण युद्धातील मृतांच्या स्मरणार्थ बांधले गेले. हेन्री कोनिबेअर याच्या आराखड्यानुसार झालेल्या या चर्चचा समर्पणविधी १८५८ मध्ये पार पडला आणि शिखर १८६५ मध्ये पुरे झाले. आतील सजावटीचा काही भाग लंडनच्या विल्यम बटरफील्ड या वास्तुशिल्पीने योजला होता. मात्र कोनिबेअरने आदर्श म्हणून घेतला तो तेराव्या शतकातील अर्ली इंग्लिश टप्पा : अरुंद भालाकृती खिडक्या, तीव्र उताराचे छप्पर, टोकदार शिखर आणि नेव्हपासून कमानीने वेगळा केलेला खोल चॅन्सेल. त्या काळी इंग्लंडात मध्ययुगीन चर्चरचनेचा पुरस्कार करणाऱ्या मंडळींचा मोठा दबदबा होता, आणि त्यांच्या मते पर्पेंडिक्युलर शैली म्हणजे गॉथिकचा ऱ्हास होता. त्यामुळे साम्राज्याच्या वसाहतींत जी चर्चे गेली त्यांत ब्लाइबरासारखे चर्च फारसे गेले नाही. अरुंद खिडक्या मुंबईच्या उन्हाला मानवल्या, हा योगायोग. ब्लाइबराची काचेची भिंत कुलाब्याला बांधली असती तर एप्रिल-मे महिन्यांत आत बसणे कठीण झाले असते.

प्रश्न : एवढी महत्त्वाची वास्तू असूनही आत भिंतींचे पोपडे, ओबडधोबड जमीन आणि उडालेले रंग दिसतात. ते नीट का करत नाहीत? आणि आत जाता येते का? (नागपूर)

उत्तर : मुद्दाम करत नाहीत, आणि त्यामागे एक जुना वाद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चर्चची अवस्था इतकी वाईट झाली होती की पावसात लोक छत्र्या उघडून प्रार्थनेला बसत. १८८१ मध्ये इमारत धोकादायक ठरवून बंद करण्यात आली. त्या काळी अशा चर्चचा ‘जीर्णोद्धार’ म्हणजे भिंतींचा गिलावा खरवडून काढणे, जुनी लाकडे उतरवून नवी बसवणे, फरशी बदलणे आणि शक्य तर सारी इमारत एकाच काळातील दिसेल अशी करणे. इंग्लंडमधील हजारो चर्चे या उत्साहातून गेली. याला विरोध म्हणून कलावंत व लेखक विल्यम मॉरिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १८७७ मध्ये प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्था स्थापन केली होती, आणि ब्लाइबराच्या नूतनीकरणाचा आराखडा पुढे येताच तिने हरकत घेतली. जे आहे ते सावरा, टेकू द्या, गळती थांबवा, पण नवे करू नका, असा तिचा आग्रह होता. चर्च उघडून भाविकांच्या सोयीचे करायला उत्सुक असलेल्या पाद्र्यांना ही ढवळाढवळ मुळीच रुचली नाही. त्यांची बाजूही समजण्यासारखी होती, कारण छत्रीखाली बसणारे त्यांचे गावकरी होते, लंडनचे कलावंत नव्हते. वाद आणि वर्गणी दोन्ही वर्षानुवर्षे रेंगाळली, आणि शेवटी झाली ती दुरुस्ती बेताची झाली. तुम्ही पाहिलेले पोपडे, विटांची व दगडांची मिसळ झालेली जमीन आणि छतावरील मूळ रंग या तिन्ही गोष्टी त्या एकाच बेताचे फळ आहेत. रंग हवा असेल तर पोपडे सोसावे लागतात. आमच्या मते सौदा महाग पडलेला नाही.

चर्च आजही गावचे पॅरिश चर्च आहे, तेथे नियमित प्रार्थना होतात आणि एरवी दिवसा ते पाहुण्यांसाठी उघडे असते. ऑल्डबरा संगीत महोत्सवाचे कार्यक्रमही येथे होतात. १९६९ मध्ये महोत्सवाचे स्नेप येथील सभागृह जळाले तेव्हा आयत्या वेळी काही प्रयोग याच छताखाली झाले होते. रेल्वेने जायचे असल्यास इप्सविच-लोस्टॉफ्ट मार्गावरील डार्शम किंवा हेल्सवर्थ स्थानकावर उतरून पुढे वाहन करावे लागते. सोबत दुर्बीण न्यावी, कारण देवदूतांचे चेहरे आणि तुळयांवरील फुले नुसत्या डोळ्यांना नीट दिसत नाहीत. आणि शक्यतो निरभ्र सकाळ निवडावी, म्हणजे पूर्वेचे आणि दक्षिणेचे ऊन क्लिअरस्टोरीतून छतापर्यंत पोहोचलेले असेल.